संत फ्रान्सिस झेवियर यांचे बिऱ्हाड

धर्मग्रामाच्या ज्युबिलीप्रसंगी संत फ्रान्सिस झेवियर यांच्या चरित्रातील एका गुणाकडे आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो. तो म्हणजे निवासाविषयीची निरिच्छता.

१५०६ साली नवारा राज्यातील झेवियर गढीत, सरदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. पॅरिस येथे विद्याभ्यास करीत असता त्यांना संत इग्नेशियस यांचा सहवास लाभला आणि १५३४ साली त्यांनी दारिद्र्याचे व्रत घेतले.

६ मे १५४२ रोजी ते पोपमहोदयांचे प्रतिनिधी या नात्याने गोव्यास उतरले. मानाचा वाडा त्यांना सहज मिळता. परंतु त्यांनी इस्पितळात बिऱ्हाड केले. जो रोगी अत्यवस्थ असे, त्याच्या बिछान्याजवळ ते भुईवर निजत, म्हणजे त्याने हाक मारताच उठता यावे. दिवसा कैद्यांचा व कुष्ठरोग्यांचा समाचार घेत आणि हाती घंटा घेऊन मुलांस धर्मशिक्षणासाठी गोळा करीत.

पुढे दक्षिणेतील कोळी लोकांत, मलाक्का व जपान येथे त्यांनी सुवार्ता सांगितली. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनसमोरील सान्चियन बेटावर, एका गवती झोपडीत, वयाच्या ४६ व्या वर्षी त्यांनी देह ठेवला. जवळ अंतोनियो हा चिनी ख्रिस्ती सोबती तेवढा होता. गढीत जन्मलेल्या या पुरुषास तेवढी जागा पुरली.

आमच्या छत्रपती संभाजीनगरातही घरे मोठी होत आहेत. त्यात दोष नाही. मात्र शेजारच्या दुःखिताची हाक आत ऐकू येते की नाही, हे प्रत्येक कुटुंबाने या ज्युबिली वर्षात पारखून पाहावे, एवढीच आमची विनंती.