हेन्री फोर्ड आणि इंजिनाचा ठोकळा

गॅरेजमध्ये उघडलेलं इंजिन तुम्ही पाहिलंय का? सगळे भाग काढले की शेवटी बीडाचा एक जड ठोकळा उरतो. त्यातल्या मोठ्या गोल भोकांमध्ये पिस्टन वर-खाली होतात. यालाच इंजिनाचा ब्लॉक म्हणतात. हेन्री फोर्ड यांची गोष्ट समजून घ्यायला हा ठोकळा फार उपयोगी आहे बरं का!

हेन्री यांचा जन्म ३० जुलै १८६३ रोजी अमेरिकेतील मिशिगन राज्यात एका शेतकऱ्याच्या घरी झाला. शेतीत त्यांचं मन रमेना. सोळाव्या वर्षी ते डेट्रॉईट शहरात यंत्रकाम शिकायला गेले. १८९३ मध्ये त्यांनी आपलं पहिलं पेट्रोल इंजिन चक्क स्वयंपाकघरात सुरू करून पाहिलं. पत्नी क्लारा पेट्रोल थेंब थेंब सोडत होत्या!

१९०३ मध्ये त्यांनी कंपनी काढली आणि १९०८ मध्ये 'मॉडेल टी' ही गाडी आणली. तिचे चारही सिलिंडर एकाच ब्लॉकमध्ये ओतलेले होते आणि वरचं झाकण, म्हणजे हेड, सुटं निघायचं. त्यामुळे दुरुस्ती सोपी झाली. अशा दीड कोटी गाड्या बनल्या. पण यशामुळे हेन्री हट्टी झाले. गाडी बदलायला हवी, हे मुलगा एड्सेल सांगत राहिला, पण ते ऐकेनात. गिऱ्हाईक दुसऱ्या कंपन्यांकडे वळलं आणि १९२७ मध्ये ती गाडी बंद करावी लागली.

मग साठी उलटलेल्या हेन्री यांनी नवा ध्यास घेतला. आठ सिलिंडरचा, इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराचा ब्लॉक एकाच ओतकामात बनवायचा आणि तोही स्वस्त गाडीसाठी! सुरुवातीला कितीतरी ब्लॉक भंगारात गेले. तरी १९३२ मध्ये ही गाडी बाजारात आलीच.

पण इंजिन फार तापायचं. पाण्याचे पंप हेडवर होते. ते गरम पाणी वर ओढायचे. १९३७ मध्ये पंप ब्लॉकच्या पुढच्या बाजूला आले आणि रेडिएटरमधलं थंड पाणी ब्लॉकमध्ये ढकलू लागले. पुढे हेड आवळणारे स्टड प्रत्येक बाजूला २१ होते, ते २४ झाले. म्हणून आजही असं जुनं इंजिन नव्याने बांधताना आधी स्टड मोजतात, कारण २१ स्टडचं हेड २४ स्टडच्या ब्लॉकवर बसत नाही.

एक दोष मात्र राहूनच गेला. जळालेला गरम धूर ब्लॉकच्या आतूनच बाहेर जायचा, त्यामुळे पाणी तापायचं. ७ एप्रिल १९४७ रोजी हेन्री यांचं निधन झालं, तेव्हाही ही रचना तशीच होती. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या फोर्ड गाड्यांत नव्या रचनेचं इंजिन आलं, तेव्हाच ती गेली.

मित्रांनो, चिकाटीने त्यांनी अशक्य वाटणारा ब्लॉक ओतला, पण हट्टाने मॉडेल टी गमावली. दोन्ही गुण एकाच माणसात होते. आपण आपली वही तपासतो तेव्हा चूक दिसली की खोडून पुन्हा लिहितो ना? इंजिनाचंही तसंच असतं.

विचार करा : चिकाटी कुठे संपते आणि हट्ट कुठे सुरू होतो? तुमच्या अनुभवातलं एक उदाहरण पाच ओळींत लिहा.