दाखल्यावाचून आलेली माणसे

फलटणच्या मुधोजी महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणाला नोकरीच्या जाहिरातीत प्रथम आडवी येते ती अनुभवाची अट. कामावाचून अनुभव नाही आणि अनुभवावाचून काम नाही, या फेऱ्यात उमेदीची वर्षे निघून जातात. अशा वेळी आठवण होते ती फलटणप्रमाणेच साताऱ्याकडील एक संस्थान असलेल्या औंधच्या आश्रयाने कारखाना उभारणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांची.

1869 साली गुर्लहोसूर येथे जन्मलेल्या लक्ष्मणरावांचे मन शाळेत रमले नाही. 1885 मध्ये ते चित्रकला शिकण्यासाठी मुंबईस जे. जे. कलाशाळेत गेले; पण काही रंगांतील भेद आपल्या डोळ्यांस कळत नाहीत, हे तेथे ध्यानात आले आणि चित्रकाराची वाट बंद झाली. मग त्यांनी यांत्रिक रेखनाचा अभ्यास केला आणि कसलीही पदवी नसताना व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याच विषयाचे शिक्षक झाले. यंत्रांचे ज्ञान मिळवले ते पुस्तके वाचून आणि यंत्रे हाताळून. बढती मात्र त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियनास मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली.

बेळगावात बंधू रामूअण्णांसह सायकलींचे दुकान चालले होते, त्यातूनच कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर निघाले. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे लागली! पुढे नगरपालिकेने जागा सोडावयास लावली, तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलचा माळ आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. 1910 साली त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली.

तेथे कोणास घेतले, हे पाहण्यासारखे आहे. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर कल्पक अभियंते ठरले. परीक्षेत नापास झालेले के. के. कुलकर्णी कारभारापासून औषधपाण्यापर्यंत पडेल ते काम करू लागले. दरोड्याची शिक्षा भोगलेल्या दोघांच्या हाती तर पहाऱ्याचे काम सोपवले गेले. लक्ष्मणराव दाखला पाहत नसत, हात पाहत. स्वतःजवळ पदवी नसलेल्या माणसाला तसे पाहणे सोपे गेले असावे.

अर्थात मालकाच्या नजरेवर भरती सोपविली की वशिल्याला दार उघडते, हेही खरे. आणि सगळ्यांची नजर लक्ष्मणरावांसारखी नसते. पण मग आजची अनुभवाची अट तरी काय पाहते? एक कागद. शिकाऊ उमेदवारांसाठी 1961 पासून कायदा आहे. चार महिने भट्टीपाशी किंवा टेबलापाशी बसवून पाहण्याची तयारी कारखानदारांनी आणि कचेऱ्यांनी दाखविली, तर त्या कागदाची गरज बरीच कमी होईल. कुंडलच्या माळावर, कायदा होण्यापूर्वी पन्नास वर्षे, तेवढेच केले गेले होते.

लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 रोजी निवर्तले. तोवर सहा नांगरांसाठी दोन वर्षे गिऱ्हाइकांची वाट पाहणाऱ्या त्या कारखान्याचा माल देशभर जाऊ लागला होता.