ठुमरीच्या बैठकीतून दिग्दर्शकाच्या खुर्चीपर्यंत : जद्दनबाई

ग्वाल्हेरच्या संगीताचा विषय निघाला की आपण तानसेन, हद्दू खाँ-हस्सू खाँ, कृष्णराव शंकर पंडित ही नावे अभिमानाने घेतो. भैयासाहेब गणपतराव हे नाव मात्र क्वचितच कुणाच्या तोंडी येते. जयाजीराव शिंदे महाराजांचे हे पुत्र. राजवाड्यात रमण्याऐवजी ते पेटी घेऊन दूरदूर हिंडले. ठुमरीच्या साथीला पेटीला मानाची जागा मिळाली त्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. कलकत्त्यात त्यांच्याकडे एक तरुण गायिका शिकत होती, जद्दनबाई. आज कुणी त्यांचे नाव घेतलेच तर ‘नर्गिसची आई’ एवढेच सांगते. पण ती लेक जन्माला यायच्या आधीच त्यांनी स्वतःचे नाव कमावले होते, आणि नंतर जे केले ते तर त्या काळच्या बायकांमध्ये फारच थोड्यांनी केले.

जद्दनबाईंचा जन्म १८९२ च्या सुमाराचा, बनारसकडचा. वडील लहानपणीच गेले. आई दलीपाबाई या तवायफ होत्या. हा शब्द वाचून पालकांनी दचकू नये. घरंदाज बायकांनी चारचौघांत गाणे निषिद्ध होते, त्या काळात ठुमरी, दादरा, गझल, उर्दू शायरी आणि बोलण्या-वागण्याचा अदब या बायकांनीच जपला. राजेरजवाडे त्यांना बोलावून बिदागी देत. पण ज्यांच्या दिवाणखान्यात त्या गात, त्यांच्या घरात लेक-सून म्हणून त्यांना जागा नव्हती. जद्दनबाईंच्या पुढच्या सगळ्या धडपडीमागे ही गोष्ट आहे, असे मला वाटते.

१९२० मध्ये गणपतराव वारले आणि तालीम अर्धी राहिली. ती त्यांनी उस्ताद मोईनुद्दीन खाँ यांच्याकडे पुरी केली. मग कोलंबिया कंपनीने त्यांच्या तबकड्या काढल्या. रामपूर, बिकानेर, जोधपूर आणि आपल्या ग्वाल्हेर-इंदूरच्या दरबारांतही त्या गाऊन आल्या. याच काळात मोहनबाबू नावाचे पंजाबी ब्राह्मण गृहस्थ त्यांच्या आयुष्यात आले. डॉक्टरकी शिकायला विलायतेला निघालेला हा माणूस विलायतेला गेलाच नाही. त्यांनी धर्म बदलून जद्दनबाईंशी लग्न केले. अख्तर आणि अन्वर हे दोन मुलगे जद्दनबाईंना आधीचे होते. १ जून १९२९ रोजी मुलगी झाली, तीच नर्गिस.

१९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला आणि सिनेमा बोलू लागला. आजच्या मुलांना एक गोष्ट सांगायला हवी. तेव्हा पार्श्वगायन नव्हते, ते १९३५ च्या सुमारास सुरू झाले. पडद्यावर जो दिसे त्यालाच कॅमेऱ्यासमोर उभे राहून गावे लागे. त्यामुळे निर्माते चेहऱ्याआधी गळा शोधत, आणि तयार गळा व स्वच्छ उर्दू जबान या दोन्ही गोष्टी गाणाऱ्या बायकांकडे होत्या. लाहोरच्या एका कंपनीने जद्दनबाईंना बोलावले. ‘राजा गोपीचंद’ (१९३३) मध्ये त्यांनी नायकाच्या आईचे काम केले. वय तेव्हा चाळिशीच्या पुढे होते.

त्याच सुमारास, १९३२ मध्ये, आपल्या दुर्गाबाई खोटे ‘अयोध्येचा राजा’मध्ये तारामती झाल्या होत्या. चांगल्या घरची सुशिक्षित सून सिनेमात कशी, म्हणून मुंबईत केवढी चर्चा झाली! जद्दनबाईंना तसे विचारायला कोण येणार? त्यांच्यासारख्यांची तीच जागा, असे लोकांनी आधीच ठरवून टाकले होते.

‘सेवासदन’ या १९३४ च्या चित्रपटातही त्या होत्या. हिंदी साहित्य शिकलेल्या आमच्यासारख्यांना हे नाव वाचून थांबावेच लागते. मुन्शी प्रेमचंदांनी ही कादंबरी आधी उर्दूत ‘बाजार-ए-हुस्न’ म्हणून लिहिली, छापून आली ती मात्र आधी हिंदीत. संसारातून कोठ्यावर जाऊन पोहोचलेल्या एका बाईची ती कथा. ज्या जगाविषयी प्रेमचंदांनी बाहेरून लिहिले, त्याच जगातून आलेली बाई त्या चित्रपटात काम करत होती.

दुसऱ्याच्या कंपनीत काम करायचे म्हणजे पुन्हा कुणीतरी बोलावण्याची वाट पाहायची. ती सवय त्यांनी मोडली. मुंबईत त्यांनी स्वतःची ‘संगीत फिल्म्स’ काढली. पहिला चित्रपट ‘तलाश-ए-हक’ (१९३५). दिग्दर्शक चिमणलाल लुहार होते, पण संगीत जद्दनबाईंचे आणि त्यात भूमिकाही त्यांची. बोलपटाला संगीत देणाऱ्या आपल्याकडच्या पहिल्या दोन-तीन स्त्रियांत त्यांची गणना होते. पुढच्याच वर्षी ‘मॅडम फॅशन’चे दिग्दर्शन त्यांनी स्वतः केले. मग ‘हृदय मंथन’, ‘जीवन स्वप्न’, ‘मोती का हार’. १९३६ आणि १९३७ या दोन वर्षांतले हे काम. नावे वाचून गंमत वाटते: एक फारसी वळणाचे, एक इंग्रजी, एक शुद्ध संस्कृत! हिंदी की उर्दू यावर तेव्हा सभांमध्ये वाद रंगत होते, आणि ही उर्दूत वाढलेली बाई सगळे शब्दकोश उघडून बसली होती. ‘मॅडम फॅशन’मध्ये एक छोटी मुलगी पहिल्यांदा पडद्यावर आली. तिचे नाव सुरैया.

कंपनी फार काळ टिकली नाही. स्टुडिओचे भाडे, कच्ची फिल्म, नोकरांचे पगार यांचे गणित भल्याभल्यांचे कोसळत होते. हे चित्रपट आज सहजी पाहायला मिळत नाहीत, त्यामुळे त्यांच्या दर्जाविषयी बोलणे धाडसाचे होईल.

‘तलाश-ए-हक’मध्ये त्यांनी सहा वर्षांच्या नर्गिसलाही उभे केले होते. मुलीला शाळेत घातले, पण १९४३ मध्ये महबूब खाँ यांच्या ‘तकदीर’साठी तीच मुलगी नायिका झाली, वय चौदा. तिला स्वतःला डॉक्टर व्हायचे होते. वडिलांचे राहून गेलेले स्वप्न कदाचित तिच्यात उतरले असेल. शिक्षक म्हणून मला आईचा हा निर्णय पटत नाही. पण मोठे घर आणि त्यात सतत राबता, हा भार कुणाच्या तरी कमाईवर चालायचा होता, आणि या आईला एकच धंदा आतून-बाहेरून माहीत होता. सआदत हसन मंटो त्यांच्या घरी जात-येत. त्यांनी लिहून ठेवलेल्या आठवणींत जद्दनबाई दिसतात त्या मोकळ्या बोलणाऱ्या, पाहुण्यांना भरभरून खाऊ घालणाऱ्या आणि मुलीवर बारीक नजर ठेवणाऱ्या.

८ एप्रिल १९४९ रोजी मुंबईत जद्दनबाईंचे निधन झाले. ‘अंदाज’ त्याच वर्षीचा. ‘मदर इंडिया’ (१९५७) त्यांना पाहायला मिळाला नाही, आणि १९८० मध्ये लेक राज्यसभेत गेली तेही नाही. ३ मे १९८१ रोजी नर्गिस गेल्या, तेव्हा मरीन लाइन्सच्या कबरस्तानात त्यांना आईजवळच ठेवले.