कै. श्रीमती ललिताबाई पवार : एका चरित्र-अभिनेत्रीचे जीवन

आपल्या वार्षिक स्मरणिकेत ज्ञातिबंधूंच्या व भगिनींच्या कार्याचा परिचय देत असतानाच महाराष्ट्रातील एखाद्या दिवंगत कीर्तिमान व्यक्तीचे चरित्र छापण्याचा परिपाठ आहे. अशा व्यक्तीची निवड करताना तिची ज्ञाती पाहावी असे आम्हांस वाटत नाही. या वर्षी आम्ही एका चित्रपट-अभिनेत्रीची निवड केली आहे, हे पाहून काही वडीलधाऱ्या वाचकांच्या कपाळावर आठ्या उमटतील, याची आम्हांस कल्पना आहे. तथापि ज्या बाईंनी अनेक दशके आपल्या घरातील सासू, आत्या, आजी, घरमालकीण आणि शेजारीण पडद्यावर उभी केली, आणि ते कार्य नायिकेचा मान हातचा गेल्यानंतर केले, त्यांचे चरित्र आपल्या कुटुंबांच्या हाती देण्यात संकोच कसला?

ललिताबाईंचा जन्म 18 एप्रिल 1916 रोजी नाशिक जिल्ह्यातील येवले येथे झाला. त्यांचे मूळ नाव अंबा लक्ष्मणराव शगुन. येवले म्हणजे पैठणीचे गाव. लक्ष्मणरावांचा व्यवसायही रेशमी व सुती कापडाचाच होता. घरची स्थिती चांगली होती. पोट भरण्यासाठी मुलीला चित्रपटात धाडावे अशी वेळ या घरावर आलेली नव्हती, आणि त्या काळात कुलीन समजल्या जाणाऱ्या घरातील मुलीने चेहऱ्याला रंग लावणे ही गोष्ट तर कोणाच्या पचनी पडणारी नव्हती. असे असता ही मुलगी पुण्यात नानासाहेब सरपोतदारांच्या आर्यन फिल्म कंपनीत शिरली आणि वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास, 1928 साली, मूकपटांत कामे करू लागली. (नानासाहेबांनी पुढे पुण्यास पूना गेस्ट हाऊस काढले. मूकपटाचे नाव न ऐकलेल्या पुष्कळ वाचकांनी तेथील पंगतीचा लाभ घेतला असेल.)

मूकपटात शब्द नाही. जे काही सांगावयाचे ते डोळ्यांनी आणि चेहऱ्याने. या शाळेत ललिताबाईंचा चेहरा तयार झाला. पुढे त्यांचे जे झाले ते समजून घेताना ही गोष्ट विसरता येणार नाही. दिग्दर्शक गणपतराव पवार यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि अंबा शगुनची ललिता पवार झाली. हा संबंध पुढे टिकला नाही, परंतु नाव मात्र अखेरपर्यंत तेच राहिले. ‘कैलास’ या 1932 सालच्या मूकपटाच्या निर्मितीत त्यांचा स्वतःचा वाटा होता, आणि बोलपट आल्यावर टॉल्स्टॉयच्या ‘पुनरुत्थान’ या कादंबरीवरून ‘दुनिया क्या है’ हा चित्रपटही त्यांनी काढला. विशीच्या आसपासच्या मराठी स्त्रीने त्या काळी निर्माती व्हावे, हे साहस आज वाचतानाही थक्क करते. 1939 साली भालजी पेंढारकरांच्या ‘नेताजी पालकर’ मध्ये त्या झळकल्या. गाणे, धावणे, घोड्यावर बसणे अशी त्या काळच्या नायिकेची सारी कामे त्या करीत आणि त्यांच्या रूपाचीही ख्याती होती. सर्व लक्षणे दीर्घकाळ नायिकापद भूषविण्याची होती.

1942 साली ‘जंग-ए-आझादी’ या चित्रपटाचे चित्रण चालू असताना अपघात घडला. प्रसंग साधा होता. नट भगवान यांनी ललिताबाईंच्या थोबाडीत मारावयाची होती. रंगभूमीवर आणि पडद्यावर अशी थप्पड नेहमी हात आवरून मारतात. नट मान फिरवतो आणि प्रेक्षक फसतो. त्या दिवशी हात आवरला गेला नाही. थप्पड इतक्या जोराची बसली की चेहऱ्याच्या डाव्या बाजूस पक्षाघात झाला आणि डाव्या डोळ्याची शीर दुखावली. अनेक वर्षे उपचार चालले. चेहरा पुष्कळसा सावरला, पण डावा डोळा कायमचा बारीक राहिला. ललिताबाई तेव्हा सव्वीस वर्षांच्या होत्या.

हे भगवान म्हणजे 1951 साली ‘अलबेला’ काढून साऱ्या देशाला नाचविणारे आपले भगवानदादाच. या अपघातात कोणाचा हेतू वाईट नव्हता. परंतु ज्या धंद्यात चेहरा हेच भांडवल, तेथे सव्वीसाव्या वर्षी ते भांडवल एका हाताच्या फटक्याने अर्धे झाले. नायिकेच्या भूमिका बंद झाल्या. अशा वेळी घरी बसणे, प्रपंच पाहणे आणि जुन्या छायाचित्रांवरची धूळ पुसणे हा मार्ग त्यांच्यासमोर मोकळा होता, आणि तो पत्करला असता तर कोणीही त्यांना दोष दिला नसता. ललिताबाईंनी चित्रपटवाले ज्यास चरित्र-भूमिका म्हणतात त्या पत्करल्या. म्हणजे नावे नायक-नायिकांच्या नंतर येणार, पैसा कमी आणि वय मात्र पडद्यावर वीस वर्षांनी अधिक.

1944 साली पुण्याच्या ‘प्रभात’ ने ‘रामशास्त्री’ काढला. गजानन जागीरदार रामशास्त्री झाले आणि ललिताबाईंना आनंदीबाईंची भूमिका मिळाली. ‘ध’ चा ‘मा’ करणारी आनंदीबाई मराठी माणसाला कोणी समजावून सांगावी लागत नाही. 1773 सालच्या नारायणराव पेशव्यांच्या वधापासून ती आमच्या बखरींत, नाटकांत आणि घरातल्या टोमण्यांतही नांदत आली आहे. ज्या बारीक झालेल्या डोळ्यामुळे नायिकापद गेले, तो डोळा अशा कारस्थानी स्त्रीच्या भूमिकेत दुखण्याची खूण न राहता स्वभावाची खूण झाला. एक डोळा पुरता उघडा आणि एक अर्धा मिटलेला. तोंडावर बोलणे एक आणि मनात हिशेब दुसराच चालला आहे, असे पाहणाऱ्यास वाटे. आमच्या मते ललिताबाईंच्या दुसऱ्या कारकीर्दीचे बीज या भूमिकेत आहे.

1950 साली व्ही. शांतारामांचा ‘दहेज’ आला आणि हिंदी पडद्यावरील सासूचे चित्र ठरून गेले. हुंड्यापायी सुनेचा छळ करणारी सासू ललिताबाईंनी अशी रंगविली की स्त्री-प्रेक्षक चित्रपटगृहात बसून त्यांना शिव्याशाप देत. हुंडाबंदीचा कायदा देशात 1961 साली झाला. त्यापूर्वी आणि त्यानंतरही ज्ञातिसंस्थांच्या अधिवेशनांत हुंड्याविरुद्ध ठराव होत आले आहेत, आणि ठरावास अनुमोदन देणारे गृहस्थच लग्नाच्या याद्या करावयास बसले की ठराव विसरत आले आहेत. व्यासपीठावरील ठरावाने जे साधले नाही त्यातील थोडेसे ‘दहेज’ मधील सासूने साधले असावे. निदान आपण पडद्यावरच्या त्या बाईसारख्या दिसतो की काय, ही शंका काही घरांतील सासूबाईंना शिवली असेल.

1952 साली ‘दाग’ मध्ये त्या दिलीपकुमारांच्या आई झाल्या. ललिताबाई छत्तीस वर्षांच्या आणि मुलाचे काम करणारे दिलीपकुमार जवळजवळ तीस वर्षांचे! अवघ्या सहा-सात वर्षांनी मोठ्या असलेल्या बाईने आई व्हावे आणि कोणालाही ते खटकू नये, यात कौशल्य जितके आहे तितकाच चित्रपटसृष्टीचा स्त्रियांविषयीचा निष्ठुर हिशेबही आहे. नायकाला पन्नाशीपर्यंत नायक राहू देणारा तो धंदा बाईला तिशीनंतर एकदम पांढरे केस लावतो.

1955 हे वर्ष त्यांच्या दृष्टीने फार मोलाचे. गुरुदत्त यांच्या ‘मिस्टर अँड मिसेस 55’ मध्ये त्या पुरुषद्वेष्ट्या, सभा गाजविणाऱ्या सीतादेवी होत्या; हिंदू विवाह कायदा त्याच वर्षी झाला होता आणि घटस्फोटाचा विषय घरोघरी चर्चेत होता. त्या चित्रपटाने सुधारक स्त्रीची जी थट्टा केली ती आम्हांस तितकीशी रुचत नाही. पण थट्टेचे ओझे ललिताबाईंनी ज्या ऐटीत वाहिले तिला तोड नाही. त्याच वर्षीच्या राज कपूर यांच्या ‘श्री 420’ मध्ये त्या मुंबईच्या रस्त्यावर केळी विकणारी गंगामाई झाल्या. तोंडाने फटकळ, भावाच्या घासाघिशीत पक्की, आणि भुकेल्या परक्या पोरावर जीव लावणारी ही बाई गिरगावात वा दादरला आपण सर्वांनी पाहिलेली आहे. सीतादेवी आणि गंगामाई एकाच नटीने एकाच वर्षी केल्या, हे लक्षात ठेवूनच त्यांना केवळ खाष्ट सासू म्हणणाऱ्यांनी बोलावे.

‘अनाडी’ (1959) मधील मिसेस डिसा तर गंगामाईची सख्खी बहीण शोभावी. हृषीकेश मुखर्जींच्या या चित्रपटात भोळ्या नायकाला आसरा देणारी ही ख्रिस्ती घरमालकीण दिवसभर त्याच्यावर तोंडसुख घेते आणि त्याच्यासाठी तिळतिळ तुटते. भेसळीचे औषध घेऊन तिचा अंत होतो आणि आळ नायकावर येतो. चित्रपटाचा सारा कणा या मृत्यूवर उभा आहे. दुय्यम म्हटलेल्या भूमिकेवाचून मुख्य कथा उभीच राहत नाही, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. बारा वर्षांनी हृषीकेश मुखर्जींनी ‘आनंद’ मध्ये रुग्णालयाची कडक मेट्रन म्हणून ललिताबाईंना घेतले तेव्हा तिचेही नाव डिसाच ठेवले.

त्याच 1959 साली आलेल्या ‘सुजाता’ विषयी मात्र आमच्यासारख्या ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेने थोडे थांबून बोलले पाहिजे. बिमल रॉय यांच्या या चित्रपटात अस्पृश्य मानलेल्या जातीत जन्मलेली एक पोरकी मुलगी ब्राह्मण कुटुंबात वाढते. ललिताबाई झाल्या गिरिबाला; कुळाचा अभिमान, सोवळे आणि विटाळ यांची राखण करणारी घरातील वडीलधारी बाई. ही भूमिका राक्षसिणीसारखी रंगविणे सोपे होते. ललिताबाईंची गिरिबाला मात्र प्रेमळ आहे, देवभोळी आहे, नातलगांची काळजी वाहणारी आहे, आणि हे सारे असूनही एका निरपराध मुलीस दूर लोटताना तिच्या मनास काहीही लागत नाही. ती दुष्ट असती तर आपण सुटलो असतो. ती आपल्याच आजीसारखी आहे, म्हणून पाहणाऱ्याला अस्वस्थ व्हावे लागते. जिने आपल्या रक्ताने घरच्या मालकिणीचा जीव वाचविला त्या मुलीचा स्पर्श नको, या विचारातील विसंगती हा चित्रपट दाखवितो. आपल्या ज्ञातीच्या नावाने स्नेहसंमेलने भरवावीत, वधूवरसूची छापाव्यात, गरजू विद्यार्थ्यांना साहाय्य करावे. परंतु आपल्यातल्या गिरिबालेचे काय झाले हे एकदा घराघरांत विचारले जावे, असे आम्हांस मनापासून वाटते.

यानंतरच्या भूमिकांची केवळ नावे सांगायची तरी पाने पुरणार नाहीत. त्यांच्या चित्रपटांची संख्या सातशे सांगितली जाते. 1961 च्या ‘जंगली’ मध्ये घरात हसण्यालाच बंदी घालणारी शम्मी कपूरची आई त्यांनी केली. पुढल्याच वर्षी ‘प्रोफेसर’ मध्ये करडी पालक झालेल्या प्रौढ सीतादेवी वृद्ध प्रोफेसरच्या वेषातील तरुणावर भाळतात. हा विनोद सहज पाचकळ झाला असता. आयुष्यभर कठोर राहिलेल्या बाईच्या मनात उशिरा पालवी फुटते तेव्हा तिची होणारी लाजरी तारांबळ ललिताबाईंनी इतक्या हळुवारपणे दाखविली की हसता हसता तिची कीव येते. 1961 सालीच त्यांना अभिनयासाठी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. मध्यंतरी त्यांनी निर्माते राजप्रकाश गुप्ता यांच्याशी संसार थाटला होता.

या यशाची एक किंमतही होती. महाराष्ट्रात एखाद्या सासूने सुनेला टोचून बोलावे आणि शेजारणींनी तिला मागे ‘ललिता पवार’ म्हणावे, हे आपण सर्वांनी ऐकले आहे. काहींनी म्हटलेही असेल. एका कष्टाळू, गुणी स्त्रीचे नाव दुष्टपणाचे विशेषण व्हावे, हा कलेचा विजय म्हणून सोडून देणे आम्हांस बरे वाटत नाही. त्या नावामागे एक अपघात होता आणि त्यानंतरचे अनेक दशकांचे काम होते, हे बोलताना कोणाच्या ध्यानी नसे.

1987 च्या जानेवारीत रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका दूरदर्शनवर सुरू झाली तेव्हा ललिताबाई सत्तर वर्षांच्या होत्या. मंथरेची भूमिका त्यांच्याकडे आली. 1961 च्या ‘संपूर्ण रामायण’ चित्रपटातही मंथरा त्यांनीच केली होती. कैकेयीच्या कानी लागणारी, पाठीत वाकलेली, एका डोळ्याने जग जोखणारी ती दासी रविवारी सकाळी सारे रस्ते ओस पाडून देशाने पाहिली.

अखेरचे दिवस त्यांनी पुण्यास औंध येथे काढले. तोंडाच्या कर्करोगाने त्यांना ग्रासले होते. 24 फेब्रुवारी 1998 रोजी त्यांचे निधन झाले. पती त्या वेळी स्वतःच्या उपचारासाठी रुग्णालयात होते, मुलगा मुंबईस; मृत्युसमयी घरात जवळचे कोणी नव्हते. दूरध्वनीस उत्तर मिळेना, तेव्हा घरच्यांना शंका आली आणि काही दिवसांनी वार्ता बाहेर समजली.

2020 साली साथीच्या रोगामुळे सारा देश घरात कोंडला गेला असता दूरदर्शनने मार्चच्या अखेरीस ‘रामायण’ पुन्हा दाखविले. तेव्हा ललिताबाईंना जाऊन बावीस वर्षे झाली होती. मंथरा दिसली की मुले तिच्या त्या डोळ्याविषयी विचारीत, आणि कितीतरी घरांत आजीने तेव्हा प्रथमच त्या थप्पडेची हकिकत नातवंडांना सांगितली.