मुलांबरोबर चालणारे धर्मगुरू : संत जॉन बॉस्को



३१ जानेवारीला ख्रिस्तसभा संत जॉन बॉस्को यांचा सण साजरा करते. डॉन बॉस्को हे नाव आपल्याला नवीन नाही. मुंबईच्या माटुंग्याची शाळा अनेकांना ठाऊक आहे. इटलीत धर्मगुरूला आदराने डॉन म्हणतात, म्हणून हे डॉन बॉस्को. त्यांच्या शाळा, कारखाने आणि वसतिगृहांविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे. आज मात्र त्यांच्या आयुष्यातली एक साधी गोष्ट आम्ही आपल्यापुढे ठेवणार आहोत. ती म्हणजे मुलांना आणि शिक्षकांना बरोबर घेऊन डोंगरवाटा तुडवण्याची त्यांची सवय. ही गोष्ट आजच का सांगायची, त्याला आपल्या धर्मग्रामातले एक कारण आहे. ते शेवटी येईल.

जॉन बॉस्को यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी इटलीतील पिदमाँत प्रांतात, बेक्की नावाच्या छोट्या वस्तीवर झाला. घर शेतकऱ्याचे. मूल दोन वर्षांचेही झाले नव्हते तोच वडील फ्रान्सिस न्यूमोनियाने वारले. आई मार्गारेट हिने सावत्र मुलगा आंतोनियो आणि स्वतःची दोन मुले, जोसेफ व जॉन, अशा तिघांना वाढवले. आंतोनियोला लहान भावाचे शिक्षण पसंत नव्हते. शेतावर हात हवेत, पुस्तके कशाला, असे त्याचे मत. त्या भांडणापायी जॉनला काही काळ घर सोडून दुसऱ्याच्या शेतावर गडी म्हणून राहावे लागले.

पुढे कास्तेलनुओव्होच्या शाळेत नाव घातले, तेव्हा शाळा घरापासून सुमारे पाच किलोमीटर होती. सुरुवातीला जॉन दिवसातून दोनदा जाऊन येई, म्हणजे रोजची वीस किलोमीटरची चाल. १८३१ साली तो किएरी गावी शिकायला गेला. तिथे पोटासाठी त्याने कॉफीच्या दुकानात काम केले. सोबत्यांना गोळा करून त्याने आनंद मंडळ काढले. नियम दोनच, ख्रिस्ती माणसाला न शोभणारे काही करायचे नाही आणि आपली कर्तव्ये नीट पार पाडायची. सुट्टीच्या दिवशी ही मुले टेकड्या पालथ्या घालत. पुढच्या सगळ्या कामाचे बीज इथेच पडले.

५ जून १८४१ रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्या वेळी तुरीन शहर झपाट्याने वाढत होते. डोंगराकडच्या गावांतून कोवळी पोरे बांधकामावर विटा-चुना वाहायला, धुराडी साफ करायला येत. रविवारी काम बंद असे आणि ही पोरे रस्त्यावर. संत जोसेफ काफास्सो यांच्याबरोबर डॉन बॉस्को तुरुंगात जाऊ लागले आणि तिथे कोवळ्या वयाची मुले पाहून ते हादरले. यातली बरीच सुटून जात आणि थोड्याच दिवसांत परत येत, कारण बाहेर त्यांचे म्हणावे असे कोणी नव्हते. ८ डिसेंबर १८४१ रोजी संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या चर्चच्या वस्त्रागारात बार्थोलोम्यू गारेल्ली नावाचा एक पोरका पोरगा त्यांना भेटला. त्या एकापासून त्यांच्या रविवारच्या मेळाव्याची, म्हणजे ओरेटरीची, सुरुवात झाली.

एकाचे शंभर झाले, शंभराचे तीनशे. पण इतक्या गोंगाटाला जागा कोण देणार? आज या चर्चचे अंगण, उद्या ती गिरणी, परवा भाड्याचे कुरण. प्रत्येक ठिकाणाहून तक्रार येई आणि त्यांना निघावे लागे. शहराच्या पोलीस कारभाराचे प्रमुख मार्क्विस काव्हूर यांना तर ही गर्दी म्हणजे बंडाची तयारी वाटली. काही सहकारी धर्मगुरूंना डॉन बॉस्कोंचे डोके फिरले असे वाटू लागले आणि त्यांना वेड्यांच्या इस्पितळात नेण्याचाही घाट घातला गेला.

याच बेघर दिवसांत डॉन बॉस्को रविवारी मुलांना घेऊन शहराबाहेर चालत जाऊ लागले. डोक्यावर छप्पर नाही ना, मग आकाश तर आहे! एखाद्या दूरच्या चर्चमध्ये मिस्सा व्हायची, मग न्याहारी, खेळ, धर्मशिक्षण, संध्याकाळी गाणी म्हणत परत. १८४६ च्या सुमारास ते सुपेर्गाच्या टेकडीवर गेले. तुरीनच्या वर उभ्या असलेल्या या टेकडीवर मोठी बॅसिलिका आहे आणि तिथे राजघराण्याच्या समाधी आहेत. या सहलीचे वर्णन त्यांनी स्वतः आपल्या आठवणींत केले आहे. मुलांजवळ ढोल, तुतारी आणि गिटार होती. डॉन बॉस्कोंचे सहकारी फादर बोरेल सोय करायला पुढे गेले होते. टेकडीच्या पायथ्याशी तिथल्या धर्मगुरूंनी डॉन बॉस्कोंसाठी खोगीर चढवलेला घोडा तयार ठेवला होता. वर पोहोचल्यावर मुलांना गरम जेवण मिळाले. मग डॉन बॉस्कोंनी त्यांना त्या वास्तूचा इतिहास सांगितला, प्रार्थना झाली आणि कागदी फुगे आकाशात सोडून सगळे खाली उतरले. आठवडाभर विटा वाहणाऱ्या पोरांसाठी हा दिवस काय असेल, याची कल्पना आपण करावी.

१२ एप्रिल १८४६, पुनरुत्थानाच्या रविवारी, वाल्दोक्को भागातल्या एका ठेंगण्या छपरीत मुलांना कायमची जागा मिळाली. पण त्याच उन्हाळ्यात अतिश्रमाने डॉन बॉस्को मरणाच्या दारी पोहोचले. मुलांनी पाळीपाळीने प्रार्थना केली, काहींनी उपवासाचे नवस केले. ते वाचले. विश्रांतीनंतर ३ नोव्हेंबर १८४६ रोजी ते बेक्कीहून तुरीनला परतले ते पायीच आणि बरोबर आई मार्गारेट होती. वय अठ्ठावन्न. आपले घरदार सोडून ती या पोरांची आई व्हायला निघाली होती. पुढची दहा वर्षे, मरेपर्यंत, तिने त्यांचे कपडे शिवले आणि त्यांना जेवू घातले.

आता त्यांच्या प्रसिद्ध शरद सहलींविषयी. दरवर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, जपमाळेच्या राणीच्या सणासाठी, डॉन बॉस्को काही मुलांना आपल्या बेक्कीच्या घरी नेत. भाऊ जोसेफच्या घरात त्यांनी १८४८ मध्ये एक छोटे प्रार्थनालय केले होते. मुले गवताच्या माळ्यावर झोपत आणि द्राक्षे, पोळेंता यांवर ताव मारत. २ ऑक्टोबर १८५४ रोजी याच बेक्कीच्या अंगणात एक लोहार आपल्या बारा वर्षांच्या मुलाला घेऊन आला. तो मुलगा म्हणजे डॉमिनिक साव्हियो. त्याच महिन्यात तो तुरीनला शिकायला आला. ९ मार्च १८५७ रोजी, पंधरावे वर्ष पुरे होण्याआधीच, तो देवाघरी गेला आणि १९५४ मध्ये ख्रिस्तसभेने त्याला संत म्हणून घोषित केले.

१८५९ ते १८६४ या काळात या सहली मोठ्या झाल्या. बेक्कीचा सण आटोपला की शंभराच्या आसपास मुले मोन्फेर्रातोच्या टेकड्यांतून गावोगाव पायी निघत. बरोबर त्यांचे तरुण शिक्षक असत. त्यांतले बरेचसे कालपर्यंत तिथलेच विद्यार्थी. बँडची वाद्ये आणि नाटकाचे सामानही बरोबर असे. गावात शिरताना बँड वाजे आणि लोक दारात येत. मग चर्चमध्ये प्रार्थना, संध्याकाळी चौकात नाटक आणि गाणी. रात्री एखाद्या जमीनदाराच्या कोठारात किंवा धर्मगुरूंच्या घरी पेंढ्यावर झोप. सकाळी पापनिवेदन व मिस्सा, आणि पुढचा रस्ता.

हे सगळे सहज घडत नव्हते. कोणत्या गावी दुपारचे जेवण, कोणाकडे मुक्काम, हे डॉन बॉस्को आधीच पत्रे पाठवून ठरवत. सहलीला जायला मिळणे हे वर्षभराच्या चांगल्या वागणुकीचे बक्षीस असे. म्हणजे मोकळेपणाही होता आणि शिस्तही, पण ती शिस्त छडीची नव्हती.

१८६४ ची सहल सर्वांत लांबची. मुले आगगाडीने जिनोव्हापर्यंत गेली आणि तिथून डोंगराळ भागात शिरली. ऑक्टोबरमध्ये ती मोर्नेसे नावाच्या खेड्यात पोहोचली. तिथे मुलींना शिवणकाम आणि धर्मशिक्षण देणारी मारिया माझ्झारेल्लो ही सत्तावीस वर्षांची तरुणी डॉन बॉस्कोंना प्रथम भेटली. त्या भेटीतून पुढे १८७२ साली मुलींसाठी काम करणाऱ्या सालेशियन भगिनींचा संघ उभा राहिला आणि मारिया माझ्झारेल्लोही संतपदाला पोहोचली. एका शाळकरी सहलीला केवढे फळ यावे!

आणखी एक प्रसंग सालेशियन परंपरेत सांगतात. साल १८५५. तुरीनमध्ये जेनेराला नावाचे बालगुन्हेगारांचे बंदिगृह होते. तिथल्या मुलांची आध्यात्मिक साधना झाल्यावर डॉन बॉस्कोंनी मंत्री रातात्झी यांच्याकडे परवानगी मागितली की या तीनशेहून अधिक मुलांना एक दिवस स्तुपिनीजीपर्यंत फिरायला नेऊ द्यावे, आणि तेही एकही पहारेकरी न घेता. परवानगी मिळाली. दिवसभर मुले मोकळी हिंडली. परतताना डॉन बॉस्को दमले, तेव्हा मुलांनी गाढवावरचे सामान आपल्या खांद्यावर घेतले आणि त्यांना वर बसवले. संध्याकाळी मोजणी झाली तेव्हा एकही मुलगा कमी नव्हता. पुढच्या अभ्यासकांनी या कथेच्या तपशिलांविषयी शंका घेतल्या आहेत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण डॉन बॉस्कोंच्या मुलांनी ती पिढ्यान्पिढ्या का जपली, हे समजायला कठीण नाही.

१८५९ मध्ये त्यांनी सालेशियन संघ स्थापन केला. १८७५ मध्ये त्यांचे पहिले मिशनरी अर्जेंटिनाला गेले. १८७७ मध्ये त्यांनी आपली शिक्षणपद्धती थोडक्यात लिहून काढली. विवेक, धर्म आणि प्रेमळपणा हे तिचे तीन खांब. मुलांना उड्या मारायला, धावायला, आरडाओरडा करायला पुरेशी मोकळीक द्यावी, आणि खेळ, संगीत, नाटक व सहली यांनीच शिस्त चांगली लागते, असे त्यांचे म्हणणे. मात्र शिक्षकाने सतत मुलांमध्ये असावे, हा त्यांचा आग्रह होता. पहारा करण्यासाठी नाही, तर सोबतीसाठी. ३१ जानेवारी १८८८ रोजी त्यांनी देह ठेवला. १ एप्रिल १९३४, पुनरुत्थानाच्या दिवशी, पोप अकरावे पायस यांनी त्यांना संत घोषित केले. त्यांचे अनुयायी १९०६ मध्ये तंजावरला आले आणि तिथून भारतभर पसरले.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला सांगत की ॲरिस्टॉटल शिष्यांबरोबर फेऱ्या मारत शिकवीत असे. तेव्हा आम्हाला त्याची गंमत वाटे. आता वाटते, त्यात गंमत नाही, मर्म आहे. वर्गात गुरू समोर उभा असतो आणि मूल खाली बसलेले असते. वाटेवर दोघांचे तोंड एकाच दिशेला असते. जे मूल बाकावर बसून वर्षभर बोलत नाही, ते चढावर दम खाताना मनातले सांगून जाते.

आता आपल्या धर्मग्रामाकडे येतो. मागच्या पावसाळ्यानंतर धर्मशिक्षण वर्गाच्या मुलांना आणि शिक्षकांना घेऊन आम्ही पन्हाळ्यापलीकडे मसाई पठारावर गेलो होतो, हे आपणांस ठाऊक आहे. परतताना आम्ही मोठ्या माणसांशी बोलत सर्वांत पुढे चाललो होतो. गाडीपाशी मोजणी केली तर एक मुलगा कमी. काळजाचे पाणी झाले. अर्ध्या तासाने तो सापडला. चपलेचा अंगठा तुटल्यामुळे तो मागे पडला होता आणि एका धनगर आजोबांजवळ बसून ताक पीत होता. मुलगा सुखरूप होता. पण त्याच्या आईने आम्हाला विचारले की त्या वेळी आपण कुठे होता, आणि आमच्याजवळ उत्तर नव्हते. ही चूक शिक्षकांची नव्हती, आमची होती. डॉन बॉस्को मुलांमध्ये असत. आम्ही मुलांच्या पुढे होतो.

त्यानंतर पालकांच्या बैठकीत सूचना आली की यापुढे मुलांचे कार्यक्रम चर्चच्या कंपाउंडमध्येच व्हावेत. पालकांची काळजी आम्हाला मान्य आहे. तरी आम्ही आपणांस विनंती करतो की थोडा विचार करावा. गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत पाळीवर जाणारे किंवा गांधीनगरच्या दुकानांत रात्रीपर्यंत उभे राहणारे आपले पालक आहेत. मुलांची सुट्टी टीव्ही आणि मोबाइलसमोर जाते. ज्या पन्हाळ्याकडे पाहायला पर्यटक दुरून येतात, तो आपल्यापासून तासाभरावर आहे आणि आपल्या कित्येक मुलांनी तो पायी चढलेला नाही. दार बंद करून मूल सुरक्षित राहील, पण वाट चालायला कुठे शिकेल?

म्हणून सणाआधीच्या शनिवारी पुन्हा पन्हाळ्याला जाण्याचा विचार आहे. दर आठ मुलांमागे एक मोठा माणूस असेल. तासातासाला मोजणी होईल. चपलेऐवजी बूट असावेत. ज्यांना शक्य आहे त्या पालकांनी बरोबर यावे. आणि सर्वांत शेवटच्या मुलाच्याही मागे आम्ही चालू. मागच्या वेळी हरवलेल्या मुलाने आपले नाव पहिले दिले आहे. त्याच्या आईने अजून होकार दिलेला नाही. तो देणे न देणे त्यांच्या हाती आहे आणि त्यांचा निर्णय काहीही असो, आम्ही त्याचा मान राखू.

संत जॉन बॉस्को यांच्या मध्यस्थीने आपल्या मुलांवर, त्यांच्या शिक्षकांवर आणि काळजीने वाट पाहणाऱ्या प्रत्येक आईवडिलांवर प्रभूची कृपा असो.

आपले धर्मगुरू