एलायजा मॅकॉय : धावत्या इंजिनाला तेल पाजणारे संशोधक

घरातलं शिलाई मशीन कुरकुरायला लागलं की आपण काय करतो? ते थांबवतो, चार थेंब तेल सोडतो आणि पुन्हा चालवतो. आता मशीनच्या जागी वाफेचं रेल्वे इंजिन आहे असं समजा. १८७० च्या आसपास अमेरिकेत गाडी मधूनमधून थांबवावी लागे. तेलवाला खाली उतरून भागाभागांना तेल घाली, मगच गाडी पुढे निघे. तेल कमी पडलं तर घर्षणाने भाग तापत, झिजत, प्रसंगी अडकून बसत.

मिशिगन सेंट्रल रेल्वेत कोळसा टाकण्याचं आणि तेल घालण्याचं हे काम एलायजा मॅकॉय करत होते. खरं तर ते शिकलेले इंजिनीअर! त्यांचे आईवडील केंटकीतल्या गुलामगिरीतून निसटून कॅनडात आले होते. तिथे ऑन्टॅरियोत १८४४ साली एलायजांचा जन्म झाला. वयाच्या १५व्या वर्षी आईवडिलांनी त्यांना थेट स्कॉटलंडला, एडिंबरोला यंत्रविद्या शिकायला पाठवलं. शिकून मिशिगनला परतले, पण कृष्णवर्णीय माणसाला इंजिनीअरची नोकरी द्यायला कोणी तयार नव्हतं. हातात आलं ते फावडं आणि तेलाचा डबा.

पण तेल घालता घालता अडचण नेमकी कुठे आहे हे त्यांना रोज दिसत होतं. १८७२ मध्ये त्यांनी स्वयंचलित तेलपात्राचं पेटंट घेतलं. युक्ती साधीच, पण काय सुंदर! इंजिनातल्या वाफेच्याच दाबाने तेलाची झडप उघडायची आणि तेल आपोआप आत उतरायचं. त्यासाठी गाडी थांबवायची गरज उरली नाही. पुढे जास्त तापलेल्या वाफेची इंजिनं आली, तेव्हा १९१५ मध्ये त्यांनी तेलात ग्राफाइटची पूड मिसळून वापरणारं उपकरणही केलं. त्यांच्या नावावर ५० हून अधिक पेटंटं आहेत. इस्त्रीचं टेबल आणि हिरवळीवर पाणी शिंपडणारं यंत्रही त्यात आहे.

अस्सल वस्तूला इंग्रजीत 'रिअल मॅकॉय' म्हणतात ते यांच्यामुळेच, असं सगळीकडे वाचायला मिळतं. वर्गात हे खात्रीने सांगू नका. तसाच शब्दप्रयोग स्कॉटलंडमध्ये त्यांच्या पहिल्या पेटंटच्या आधीच छापून आला होता. मला तर वाटतं, या गोष्टीच्या नादात मुलांना तेलपात्र कसं चालतं हे सांगायचंच राहून जातं.

भांडवल नसल्याने बरेच हक्क त्यांनी इतरांना विकले. स्वतःच्या नावाची कंपनी निघाली ती १९२० मध्ये, पंचाहत्तरी उलटल्यावर. दोनच वर्षांत मोटार अपघातात पत्नी मेरी आणि ते दोघेही गंभीर जखमी झाले. मेरी त्यातून वाचल्या नाहीत. १९२९ मध्ये डेट्रॉइटजवळच्या एका रुग्णाश्रमात एलायजा वारले. पुढे २०१२ मध्ये डेट्रॉइटला अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाची शाखा उघडली, तिला त्यांचं नाव आहे.