समर्थ रामदास : गृहत्याग आणि मातृस्मरण

समर्थ रामदास म्हटले की चाफळ, सज्जनगड आणि ‘दासबोध’ यांचे स्मरण होते. त्यांचे जन्मगाव मात्र मराठवाड्यातील, आजच्या जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब हे होय. शके १५३० (इ.स. १६०८) मध्ये रामनवमीस सूर्याजीपंत ठोसर व राणूबाई यांच्या पोटी त्यांचा जन्म झाला. त्यांचे नाव नारायण. पित्याचे छत्र लवकर हरपल्यामुळे आई आणि थोरले बंधू गंगाधरपंत हेच त्यांचे आधार होते.

नारायणाच्या गृहत्यागाची कथा सर्वपरिचित आहे. वयाच्या बाराव्या वर्षी आसनगाव येथे विवाह योजला गेला. मंगलाष्टकांतील ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच तो मंडपातून निघून गेला, असे सांप्रदायिक परंपरा सांगते. ‘सावधान’ म्हणजे स + अवधान, लक्ष जागे असलेला. विधीतील रूढ शब्द त्याने मूळ अर्थाने घेतला. मात्र या प्रस्थानात एक उणीव होती. त्यात निरोप नव्हता. आईला सांगणे, तिची समजूत घालणे, मागे वळून पाहणे यांपैकी काहीच घडले नाही.

पुढे गोदावरीकाठाने नाशिकजवळील टाकळी गाठून त्यांनी बारा वर्षे तपश्चर्या केली आणि त्यानंतर बारा वर्षे भारतभर तीर्थाटन. एवढ्या काळानंतर ते जांबेस परतले, तेव्हा पुत्रवियोगाने राणूबाईंची दृष्टी गेली होती, असे चरित्रकार नमूद करतात. काही काळ आईच्या सहवासात राहून, तिची समजूत घालून ते पुन्हा निघाले आणि कृष्णाकाठी स्थिरावले. पहिल्या वेळी राहून गेलेला निरोप या दुसऱ्या प्रस्थानी घेतला गेला. म्हणूनच समर्थचरित्रात दुसरे प्रस्थान पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे.

समर्थांना घराची ओढच नव्हती, असा निष्कर्ष या चरित्रावरून पुष्कळदा काढला जातो. ‘दासबोधा’तील तिसऱ्या दशकाचा चौथा समास वाचल्यास तो टिकत नाही. त्यात लेकरांचा भार वाढून दारिद्र्य आलेला एक गृहस्थ उपजीविकेसाठी विदेशास निघतो. गाव मागे पडतो, चित्त व्याकूळ होते आणि त्या क्षणी त्याला आई आठवते. आपल्यासाठी तिने सोसलेले कष्ट आपल्याला कधी कळलेच नाहीत, ती आज असती तर हा वियोग तिला सोसवला नसता, असे त्याच्या मनात येते. हा गृहस्थ म्हणजे स्वतः समर्थ नव्हेत. समासाचा हेतूही प्रपंचातील दुःख दाखवून वैराग्य बिंबवण्याचा आहे. तथापि जाणाऱ्याच्या मनाची ही द्विधा अवस्था ज्या बारकाव्याने आली आहे, ती केवळ उपदेशकाला साधणारी नाही. ‘करुणाष्टकां’तही ईश्वराशी असलेले नाते सांगताना आई-बाप आणि लेकरू यांचाच आधार घेतलेला दिसतो. घर सुटले, तरी घराची भाषा सुटली नाही.

विवाहमंडपातून निघून गेलेल्या या संन्यस्त पुरुषाने पुढे गृहस्थांना आधी प्रपंच नीटनेटका करण्यास सांगितले, हा वरवर विरोधाभास वाटतो. परंतु घर सोडण्याची किंमत जाणणाराच घराचे मोल सांगू शकतो. वैराग्य म्हणजे मायेचा अभाव नव्हे. माया असूनही घेतलेला निर्णय होय. शके १६०३ च्या माघ वद्य नवमीस (इ.स. १६८२) सज्जनगडावर समर्थांनी देह ठेवला.

आजही जालना जिल्ह्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी दरवर्षी घर सोडून पश्चिमेकडे जातात. विद्यार्थ्यांनी वरील समास या अनुभवाच्या संदर्भात वाचावा. साडेतीनशे वर्षांपूर्वीची ही रचना त्यांना परकी वाटणार नाही.